पेरणी यंत्रात खत-बी कोंडतंय? ठोकाठोकी करायच्या आधी हे टप्पे नीट करा

दोन वर्षांपूर्वी सोयाबीन पेरलं, सातव्या-आठव्या दिवशी शेतात गेलो तर दर पाच तासांमागे (तास म्हणजे पेरलेली ओळ) एक तास कोरा. पाच फणी यंत्र, मधली म्हणजे तीन नंबरची नळी बंद होती आणि मला पत्ताच नाही. नळ्या पारदर्शक होत्या, मी ट्रॅक्टरवरून मागे वळून वळून बघत पण होतो, पण लांबून रिकामी नळी आणि वाहणारी नळी सारखीच दिसते हो. बी नळीत अडकलंच नव्हतं, ते वर पेटीत कमान करून बसलं होतं. कारण काय, तर आदल्या रात्री औषध चोळलेलं बी नीट सुकू न देता सकाळी घाईत पेटीत ओतलं.

त्यानंतर गावात आणि पाहुण्यांच्या शेतात इतकी यंत्रं कोंडलेली बघितली की एक गोष्ट पक्की कळली, कोंडल्यावर माणूस जे करतो त्यातलं निम्मं काम कोंडणं वाढवणारं असतं. हातोडी घेऊन पेटी ठोकतो, वरून अजून एक पोतं ओततो, खालून तार घालतो. म्हणून तयारीपासून क्रमाने लिहितोय. क्रम मोडू नका, कारण मधलाच टप्पा करून उपयोग होत नाही.

## आधी दोन मिनिटं: कोंडतं म्हणजे नक्की काय होतं

दाणे पाण्यासारखे वाहत नाहीत. भोकाजवळ येताना चार-सहा दाणे एकमेकांना टेकून अशी कमान करतात की वरचं वजन ती पाडत नाही, उलट अजून घट्ट आवळतं. जुन्या वाड्याच्या दरवाजावरची दगडी कमान आठवा, तेच गणित. त्यामुळे "पेटी भरून ठेव, वजनाने बी खाली येईल" हे साफ चूक आहे. पेटीतलं बरंचसं वजन घासून-घासून भिंतींवर जातं, तळावर पोचतच नाही. जर्मनीतल्या यान्सन नावाच्या इंजिनिअरने १८९५ सालीच धान्याच्या कोठ्यांत हे मोजून दाखवलं होतं.

कोंडण्याचे दोन प्रकार, आणि दोन्हीचा इलाज वेगळा:

कोरडी कमान. दाणा मोठा, भोक लहान. हलक्या टिचकीने सुटते, थोड्या वेळाने परत बनते.

चिकट कमान. ओलसर खत, औषधाने ओलं बी, पावडर. ही टिचकीने सुटत नाही, तळाशी पोकळी राहते आणि वर माल टांगलेला, किंवा मधोमध विहिरीसारखं एक भोक पडतं आणि कडेचा माल भिंतीला चिकटून बसतो.

विश्वास बसत नसेल तर घरीच करून बघा. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, बूड कापा, तोंड खाली करून नरसाळ्यासारखी धरा, बोट लावून तोंड बंद करा. तोंड आतून साधारण २२ मिलिमीटर असतं. आधी मूग भरा आणि बोट काढा, सरसर सगळे खाली. आता सोयाबीन भरा, वाहील, मध्येच थांबेल, बाटलीला टिचकी मारली की परत वाहील. शेवटी काबुली चणे भरा, मूठभर पडायच्या आत गप्प. आता वरून तळहाताने दाबून बघा, काही होणार नाही. बाजूने तोंडाजवळ टिचकी मारा, सुटतील. मूग साधारण ४ मिलिमीटरचा, म्हणजे तोंड त्याच्या पाचपटीहून मोठं, सोयाबीन ७ च्या आसपास म्हणजे तिप्पट, आणि काबुली ९ धरला तर अडीचपट पण नाही. सगळा खेळ या पटीत आहे.

लक्षात ठेवायचा ढोबळ नियम: गोल भोक सगळ्यात मोठ्या दाण्याच्या किमान पाच-सहापट, आणि लांबट फट असेल तर तिची अरुंद बाजू किमान तीन-चारपट. सगळ्यात मोठ्या दाण्याच्या, सरासरी दाण्याच्या नाही. पोत्यात हजार दाणे ३ मिलिमीटरचे आणि एक ढेकूळ १५ चं असेल तर यंत्राचा मालक ते एक ढेकूळच.

## टप्पा १: माल तयार करा (आदल्या दिवशी, पेरणीच्या सकाळी नाही)

खत. पोतं फोडल्यावर लगेच पेटीत ओतायचं नाही. ताडपत्रीवर ओता, हाताने ढेकळं फोडा आणि वाळू चाळायच्या जाळीतून काढा. जाळीचं भोक ५-६ मिलिमीटरचं असलं की डीएपी किंवा १०:२६:२६ चा दाणा आरामात जातो आणि ढेकूळ, सुतळी, पोत्याचे प्लॅस्टिकचे धागे वर राहतात. धाग्यांना हलकं समजू नका, एक धागा भोकात आडवा बसला की त्याच्यावर आख्खी कमान उभी राहते.

पोत्याच्या तळाला दोन-तीन किलो पावडर निघते, ती चाळून बाजूला ठेवा आणि फळझाडांना घाला. हादऱ्यांनी बारीक माल नेहमी खाली झिरपतो, त्यामुळे ही पावडर पेटीत गेली की बरोबर भोकावर जाऊन बसते आणि पहिला पाऊस-वारा लागला की तिचं सिमेंट होतं.

खतं मिसळताना. युरिया आणि सुपर फॉस्फेट मिसळून ठेवू नका, दोघं एकत्र आले की माल आपोआप ओला होतो, त्यांची आपसात प्रक्रिया होऊन पाणी सुटतं. आणि मिश्रण कुठलंही असो, सुट्या खतापेक्षा लवकर पाणी ओढतं. युरिया एकटा ३० अंशाला हवेत साधारण ७३ टक्के आर्द्रता झाली की ओलावा धरायला लागतो, डीएपी ८० च्या वर. आता जूनमधली आपल्याकडची सकाळ आठवा, दोर्‍यावरचे कपडे वाळत नाहीत अशी हवा असते. म्हणून सकाळी सातला उघडलेलं पोतं दुपारपर्यंत उघडं ठेवायचं नाही, लागेल तेवढंच फोडायचं.

बी. बीजप्रक्रिया करायचीच, पण बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू संवर्धक हा क्रम ठेवा, आणि सावलीत पातळ थर देऊन सुकवा. उन्हात नाही. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, रगडून चोळू नका, घोंगडीवर किंवा ताडपत्रीवर हलकं खालीवर करा. टरफल सुटलेलं बी उगवत तर नाहीच, वर ते टरफलाचे पापुद्रे भोकात जाऊन बसतात.

> तपासणी – मुठीची: खत किंवा बी मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. माल लगेच पसरला तर तयार. मुठीचा आकार राहिला, बोटांच्या खुणा राहिल्या तर पेटीत टाकायचं नाही. मी त्या वर्षी एवढं केलं असतं तर सहा एकरांत टोकण (हाताने एकेक बी लावणं) करत बसलो नसतो.

बारीक बी. तीळ किंवा बाजरीसारखं बी वाळू मिसळून पेरत असाल तर वाळू चाळलेली आणि खडखडीत कोरडी हवी. जरा दमट वाळू म्हणजे मुलांचा समुद्रकिनाऱ्यावरचा किल्ला, उभाच राहतो.

## टप्पा २: पेटी आणि आतली यंत्रणा, रिकामी असताना

पेटीत टॉर्च मारून बघा. मागच्या हंगामातलं खत कोपऱ्यात दगडासारखं चिकटलेलं असतं, ते लाकडी पट्टीने खरवडा, मग कोरड्या फडक्याने पुसा. पाण्याने धुतली तर दिवसभर उन्हात वाळू द्या, तळाच्या सांध्यात पाणी राहिलं तर उपयोग शून्य.

पत्र्याला पोचे पडलेले असतील, आणि ते मागच्या वर्षी तुम्हीच ठोकून पाडलेले असतात, तर आतून फुगवटा आलेला असतो. त्या फुगवट्यावर माल टेकतो, कमानीला आयता पाया मिळतो. गावातल्या वेल्डरकडून बाहेरून ओढून सरळ करून घ्या. गंज असेल तर घासून गुळगुळीत करा. उतार जितका उभा आणि गुळगुळीत तितकं चांगलं, पण उतार काय आपण बदलत नाही, घासणं मात्र आपल्या हातात आहे.

आता महत्त्वाचं. खताच्या पेटीत आत एक फिरणारा दांडा असतो, काट्या लावलेला, ढवळायला. चाक हाताने फिरवा आणि तो खरंच फिरतोय का ते डोळ्याने बघा. बऱ्याच यंत्रांत त्याची पिन तुटलेली असते, बाहेरून साखळी फिरताना दिसते म्हणून आपण खूश, आत दांडा गप्प.

हा दांडा इतका गरजेचा का, तर एक ढोबळ हिशोब सांगतो. फणात ४५ सेंटिमीटर अंतर, ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटर, खत एकरी एक पोतं म्हणजे ५० किलो, तर एका नळीतून सेकंदाला फक्त ६ ग्रॅमच्या आसपास खत पडायला हवं. नुसतं भोक उघडं ठेवून तेवढंच पाडायचं म्हटलं तर भोक १०-११ मिलिमीटरचं लागतं. दाणा ३ मिलिमीटरचा, म्हणजे भोक साडेतीनपट, आणि न कोंडता वाहायला हवं पाचपट. इथंच घोडं पेंड खातं. आपल्याला हवी तेवढी मात्रा नेमकी कोंडण्याच्या पट्ट्यात येते, त्यामुळे ढवळणारा दांडा बंद म्हणजे कोंडणार, आज नाही तर उद्या.

> सावधान: चाक फिरवताना दुसऱ्याचं बोट रोलरमध्ये (बी सोडणाऱ्या खाचांच्या रुळात) किंवा साखळीत नाही ना बघा. मोठ्याने "फिरवतोय" म्हणून सांगा. पोरांना पेटीवर चढू देऊ नका.

## टप्पा ३: भोक मोठं, फिरणं हळू

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मात्रा कमी करायची म्हटली की माणूस पहिल्यांदा पट्टी सरकवून भोक बारीक करतो. उलटं करा.

१. खाचांचा रोलर असलेल्या यंत्रात सोयाबीन, हरभरा, मका असं ठळक बी असेल तर रोलर जास्त उघडा ठेवा आणि स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) बदलून त्याचा वेग कमी करा. रोलर थोडासाच उघडा आणि जोरात फिरतोय अशी मांडणी असेल तर बी चिरडतं, अर्धं फुटतं, फुटलेले तुकडे फटीत बसतात आणि मग कोंडतं.

२. रोलरच्या खालची झडप ठळक बियाला खालच्या खाचेत टाका, म्हणजे दाणा दाबला न जाता बाहेर पडेल.

३. सरकत्या पट्टीने मात्रा ठरवणारी खताची पेटी असेल तर एका वेळी एक खूणच सरकवा. भोकाचा प्रवाह भोकाच्या प्रमाणात वाढत नाही, खूप झपाट्याने वाढतो. ३ मिलिमीटरच्या दाण्याला गोल भोक १० चं १२ केलं की प्रवाह जवळपास दुप्पट होतो, फक्त दोन मिलिमीटरमध्ये! म्हणून "थोडंसंच सरकवलं होतं की" म्हणत लोक दीड पोतं एका एकरात घालवतात.

४. सगळ्या पट्ट्या एकसारख्या उघडल्यात का ते डोळ्याने ठरवू नका. एखादी जाड काडी किंवा ड्रिलचा बिट गेजसारखा प्रत्येक भोकात घालून बघा.

मागच्या वर्षीची खूण यंदा चालेलच असं नाही. सोयाबीनचं जेएस ३३५ वाण पेरत होता आणि आता फुले संगम आणलं असेल तर दाणा ठळक आहे, सगळं परत बघावं लागणार.

## टप्पा ४: अंगणातच मोजमाप

हे कंटाळवाणं आहे, अर्धा तास जातो, आणि गावात दहातले नऊ जण हे करत नाहीत. पण कोंडणारी नळी शेतात जायच्या आधी पकडायचा हाच एक रस्ता.

१. यंत्राच्या चाकाला खडूने खूण करा, शेतात दहा फेरे होईपर्यंत ओढा आणि अंतर मोजा. समजा १५ मीटर आलं, म्हणजे एका फेऱ्याला दीड मीटर. हे रस्त्यावर मोजू नका, शेतात चाक थोडं घसरतं.

२. पाच फण, अंतर ४५ सेंटिमीटर, म्हणजे रुंदी सव्वादोन मीटर. वीस फेरे म्हणजे ३० मीटर, क्षेत्र ६७.५ चौरस मीटर. एकर ४,०४७ चौरस मीटरचा, म्हणजे हा एकराचा साठावा भाग झाला.

३. एकरी ३० किलो बी हवं असेल तर वीस फेऱ्यांत सगळ्या नळ्यांतून मिळून ५०० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक नळीतून १०० ग्रॅम. खत एकरी ५० किलो असेल तर मिळून साधारण ८३३ ग्रॅम, नळीमागे १६७.

४. यंत्र उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळे लावा, प्रत्येक नळीला पिशवी बांधा, चाक शेतातल्या वेगानेच वीस वेळा फिरवा. किराणा दुकानातला छोटा काटा आणा आणि प्रत्येक पिशवी वेगळी तोला.

एकूण वजन जुळलं म्हणून खूश होऊ नका. चार नळ्यांतून ११५ ग्रॅम आणि एकीतून ४० पडलं तरी एकूण ५०० च येतं, आणि ती चाळीसवाली नळी म्हणजे शेतात कोरा तास. एखादी पिशवी बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरली तर तिथेच थांबा, ती पेटी उघडा.

> तपासणी: हेच मोजमाप पेटी पूर्ण भरून आणि पाव भरून, दोनदा करा. आकडे जवळपास सारखे यायला हवेत, कारण दाण्यांचा प्रवाह वरच्या उंचीवर अवलंबून नसतो. फरक मोठा आला तर माल ओलसर आहे किंवा आत काहीतरी अडतंय.

> सावधान: नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या यंत्राखाली वाकू नका. लिव्हरला धक्का लागला की यंत्र खाली येतं. ठोकळे लावल्याशिवाय खाली हात पण नाही.

## टप्पा ५: नळ्या

थोडक्यात सांगतो. नळी जितकी उभी तितकी बरी. लांब नळीला झोळ पडतो, त्या झोळात खत साचतं, म्हणून यंत्र खाली टेकवलेल्या स्थितीत नळी ताठ बसेल एवढीच कापा, पण यंत्र उचलल्यावर ती निघणार नाही एवढी ढील ठेवा. उन्हाने कडक झालेल्या, आतून पांढऱ्या पडलेल्या नळ्या फेकून द्या, चारशे-पाचशे रुपयांसाठी हंगाम घालवू नका. आतून ओल्या नळीत खत कधीच सोडू नका, रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी नळ्या काढून झटका.

आणि ही सवय आधी सोडा: नळीला तोंड लावून फुंकर मारू नका. आत औषध लावलेल्या बियाची भुकटी असते. सायकलचा पंप वापरा.

## टप्पा ६: पेटी भरायची कुठे आणि किती

शेतात भरायची, घरी नाही. भरलेली पेटी घेऊन खडबडीत रस्त्याने दोन किलोमीटर गेलात म्हणजे खालचं भोक बंद असताना माल हादरून हादरून ठासला. हादरा भोक उघडं असताना मित्र, बंद असताना वैरी, एवढंच ध्यानात ठेवा.

पोतं जाळीवर ओता. पेटीच्या तोंडावर बसेल अशी लोखंडी चौकट करून जाळी मारून घ्या, एकदाच खर्च आहे. पेटी दोन-तृतीयांशपर्यंत भरा, काठोकाठ नाही. वर लाकडी पट्टी आपटत माल "बसवू" नका. झाकण लावा, भुरभुर आली तरी.

बी आणि खत एकाच पेटीत मिसळून टाकणारे अजून आहेत. खत पाणी ओढतं, बी चिकटतं, उगवण मार खाते आणि हादऱ्याने दोन्ही वेगळे होतात ते वेगळंच. नको.

जाता जाता सांगतो, आमची आजी पाभरीमागे (बैलाने ओढायच्या पेरणीच्या अवजारामागे) चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरायची. कंबरेला ओटी, मुठीतून बोटांच्या फटीतून बी सोडत चालायची, नळ्यात काही अडलं तर बियाच्या आवाजावरून तिला आधी कळायचं आणि ती बैल थांबवायला लावायची. यंत्राला तो कान नाही, म्हणून पुढचा टप्पा.

## टप्पा ७: शेतात, पहिले पन्नास मीटर

१. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे का बघा. मूठभर मातीचा गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून सोडा, फुटला तर चला. लगदा होऊन पडला तर घरी जा. ओल्या रानात फणाचं तोंड चिखलाने बुजतं, त्याला वरून काहीही केलं तरी इलाज नाही.

२. ट्रॅक्टर पुढे चालायला लागल्यावरच यंत्र खाली सोडा. उभ्या ट्रॅक्टरवर धपकन सोडलं की फणाच्या तोंडात मातीची गोळी ठासून बसते.

३. यंत्र जमिनीत असताना मागे घ्यायचं नाही, एक फूट पण नाही. वळणावर आधी उचला मग वळा. कोंडण्याच्या तक्रारी वळणानंतरच्या तासांत जास्त का असतात, त्याचं कारण हेच.

४. पन्नास मीटर गेल्यावर थांबा, उतरा. प्रत्येक तासात बोटाने अर्धा मीटर लांबीची माती उकरा, बी दिसतंय का, खत दिसतंय का, ३ ते ५ सेंटिमीटरवर आहे का. पाचही तासांत बघा, एकात बघून चालत नाही.

५. नंतर दर वळणावर एक माणूस नळ्यांना हात लावत जाऊ दे. वाहत्या नळीत दाण्यांची टकटक बोटाला लागते. नुसतं बघून कळत नाही, माझी तीन नंबरची नळी आठवा.

आमच्याकडे आता प्रत्येक नळीच्या खणाला पेटीत खडूने पातळीची रेघ मारतो. तीन-चार फेऱ्यांनी झाकण उघडायचं, एका खणात पातळी बाकीच्यांपेक्षा वर राहिली की समजायचं तिथे कमान आहे. फुकटचा उपाय, आणि आत्तापर्यंत सगळ्यात जास्त कामाला आलेला.

## टप्पा ८: कोंडलंच तर, कुठे कोंडलं ते आधी शोधा

थांबा. ट्रॅक्टर बंद करा, चावी खिशात. जिथे कळलं तिथे काटकी रोवा, कारण नंतर मागे किती तास कोरा गेला ते शोधायचंय.

मग नळी वरच्या टोकाला, पेटीखालून सोडवा आणि चाक हाताने दोन फेरे फिरवा.

माल पडला तर वर सगळं ठीक आहे, भानगड नळीत किंवा फणाच्या तोंडात. फणातली माती काडीने खालून काढा, नळी हाताने चोळत चोळत रिकामी करा.

माल पडला नाही तर भानगड पेटीत. झाकण उघडून बघा. वरचा थर सपाट आणि हलत नसेल तर खाली कमान आहे, मधोमध विहीर दिसत असेल तर माल ओलसर आहे.

कोरड्या कमानीला: भोक उघडं ठेवून, पेटीच्या खालच्या तिसऱ्या भागात, बाहेरून तळहाताने किंवा रबरी हातोडीने हलके फटके. वर कुठेतरी ठोकून काही होत नाही. नाही सुटली तर वरून लांब लाकडी काडी घाला आणि तळाजवळ हलवा. लोखंडी सळई नको, रोलरच्या खाचा मोडतात.

चिकट कमानीला: फटके मारूच नका, मारलेत तर अजून घट्ट होईल. तो खण रिकामा करा, माल ताडपत्रीवर पसरा, भोक आणि भिंती कोरड्या फडक्याने पुसा, मुठीची तपासणी परत करा आणि तयार असेल तरच भरा. हो, वेळ जातो. पण काडी घालून सुटलेली चिकट कमान शंभर मीटरवर परत बसते, आणि तेव्हा तुम्ही बघत नसता.

सुटल्यावर लगेच निघू नका, चाक पाच-सहा फेरे फिरवा, सगळ्या नळ्यांतून पडताना डोळ्याने बघा. कमान सुटते तेव्हा एकदम ढीग पडतो, तो एका जागी राहिला तर तिथलं बी खताने जळतं, हाताने पसरवा. मग काटकीपासून मागे उकरत जा, बी जिथे सापडलं तिथपर्यंतचा कोरा तास त्याच दिवशी टोकून घ्या. आठवड्याने टोकलेलं रोप कायम मागे राहतं, काढणीलाही ते हिरवंच असतं.

> सावधान, हे यंत्रापुरतं नाही: ज्यांच्याकडे धान्याची मोठी कोठी किंवा पशुखाद्याचा उंच हॉपर आहे त्यांनी कोंडलं म्हणून आत उतरू नका. वरचा थर पक्का दिसतो, खाली पोकळ असतं, पाय ठेवला की कोसळतं. वाहत्या धान्यात माणूस काही सेकंदांत कमरेपर्यंत जातो आणि मग त्याला नुसतं हाताने ओढून काढता येत नाही. बाहेरूनच, लांब काठीने, खालचं यंत्र बंद करून.

## टप्पा ९: संध्याकाळी

कितीही दमला असाल, खताची पेटी रिकामी करायचीच. "सकाळी परत तेच पेरायचंय" म्हणून तशीच ठेवली की रात्रभर दमट हवा खाते, सकाळी तळाला पापडी. उरलेला माल पोत्यात, पोत्याचं तोंड पिळून बांधा आणि जमिनीवर नाही, फळीवर ठेवा. नळ्या वरून सोडून खाली लोंबू द्या. फणांची तोंडं काडीने मोकळी करा, वाळलेली माती सकाळी छिन्नीने काढावी लागते.

हंगाम संपल्यावर पेटी धुऊन वाळवा, आतून जळक्या ऑईलचा हलका हात मारा, ढवळणाऱ्या दांड्याची पिन बघा आणि दोन जास्तीच्या पिना, एक रबरी हातोडी, एक सायकल पंप आणि ती काटकी-खडूची पिशवी यंत्रालाच बांधून ठेवा, कारण पुढच्या जूनमध्ये ऐन वाफशाच्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात पिन मागायला तुमच्या आधी अजून दहा जण उभे असतात.